लायनेल की जॉन? बॅरिमोर भावांची गल्लत

'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये (१९४६) चाकांच्या खुर्चीत बसून अख्ख्या गावाला नाचवणारा तो खडूस मिस्टर पॉटर पाहिला, की कोणीतरी हमखास माहिती पुरवतं, 'हा हॉलिवूडची नटी ड्रू बॅरिमोर हिचा आजोबा.' नाही. हा तिचा चुलत आजोबा, लायनेल. सख्खा आजोबा जॉन, आणि तो हा चित्रपट यायच्या चार वर्षं आधीच गेला होता.

गल्लत करणाऱ्यांना फार दोष देता येत नाही. दोघे सख्खे भाऊ, दोघांचा जन्म फिलाडेल्फियाचा, लायनेल १८७८चा आणि जॉन १८८२चा. मध्ये बहीण एथेल, तीही मोठी नटी. आजी लुइसा लेन ड्रू फिलाडेल्फियातलं आर्च स्ट्रीट थिएटर चालवायची, आई जॉर्जियाना विनोदी भूमिकांसाठी नावाजलेली, वडील मॉरिस देखणे नट. (मॉरिसचं खरं नाव हर्बर्ट ब्लाइथ, आणि त्यांचा जन्म आपल्या हिंदुस्थानातला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या एका सर्व्हेअरच्या घरी.) थोडक्यात, घरात नाटकाशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि तरी दोन्ही पोरांना नट व्हायचं नव्हतं! दोघांनाही चित्रकार व्हायचं होतं. जॉन काही काळ न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात चित्रं काढत होता. लायनेल तर लग्न झाल्यावर नट म्हणून जम बसत असताना सगळं सोडून चित्रकला शिकायला पॅरिसला जाऊन राहिला. पोटासाठी दोघेही परत रंगमंचावर आले.

पुढे तर गोंधळ आणखी वाढतो. १९१७ साली 'पीटर इबेटसन' या नाटकात दोघे एकत्र, १९१९मध्ये 'द जेस्ट'मध्ये परत एकत्र. १९३२-३३ या दोन वर्षांत एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने त्यांना पाच चित्रपटांत एकत्र घेतलं. याहून वाईट म्हणजे लायनेल दर नाताळात रेडिओवर डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'मधला कंजूष स्क्रूज साकारायचा आणि अमेरिकेला त्या आवाजाची सवय झाली होती. पण १९३६च्या नाताळात त्याची बायको आयरीन वारली आणि त्या वर्षी मायक्रोफोनसमोर उभा राहिला तो जॉन. आता यातला कोण कोणता, हे कोणी कसं लक्षात ठेवावं?

एक सोपी खूण आहे. माणूस बसलेला असेल तर लायनेल. चेहरा बाजूने दिसतोय, त्यातही डावी बाजू, आणि नाक सुरीने कोरल्यासारखं, तर जॉन. जॉनला लोक 'द ग्रेट प्रोफाइल' म्हणायचे आणि आपली डावी बाजू कॅमेऱ्याकडे राहील याची तो काळजी घ्यायचा. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरसमोर इतर नट ओल्या सिमेंटमध्ये हातापायांचे ठसे उमटवतात. जॉनने १९४० साली तिथे चक्क गाल टेकवून आपला प्रोफाइल उमटवला. लायनेलच्या बसण्यामागे मात्र कसली ऐट नव्हती. संधिवाताने तो बेजार होता, त्यात १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात खुब्याचं हाड मोडलं, तेही दोनदा. आधी कुबड्या, मग चाकांची खुर्ची. एखाद्या नटाचं काम तिथेच संपलं असतं. स्टुडिओने त्याच्यासाठी खुर्चीत बसणारी पात्रं लिहून घेतली. डॉ. किल्डेअर या चित्रपटमालिकेतला चिडका, हुशार डॉ. गिलेस्पी हा त्यातलाच, आणि पुढे किल्डेअर साकारणारा नट मालिकेतून बाहेर पडला तेव्हा गिलेस्पीच मुख्य पात्र झाला.

ही खूण तरुणपणच्या चित्रपटांना लागू पडत नाही, हे खरं. तिथे अभिनयाकडेच पाहावं लागतं, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच आहे.

जॉनची कीर्ती मुळात रंगमंचावरची. आपण ती पाहू शकत नाही, म्हणून त्याच्यावर नकळत अन्याय होतो. सुरुवातीला तो हलक्याफुलक्या नाटकांतला देखणा हीरो होता. उच्चार न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचे, नाकातून येणारे. १९२०मध्ये शेक्सपिअरचं 'रिचर्ड तिसरा' करायचं ठरलं तेव्हा तो मार्गारेट कॅरिंग्टन या पूर्वाश्रमीच्या गायिकेकडे गेला आणि श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठून फेकायचा हे अगदी पहिल्या इयत्तेपासून शिकला. अडतीस वर्षांचा, नाव मिळवलेला नट आवाजाच्या तालमीला बसतो ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या भानगडींपेक्षा मोठी वाटते. ते नाटक गाजलं, पण त्याच सुमारास 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'चं चित्रीकरणही चालू होतं. शरीराने साथ सोडली आणि प्रयोग थांबवावे लागले.

मग नोव्हेंबर १९२२मध्ये न्यूयॉर्कला 'हॅम्लेट'. दिग्दर्शक आर्थर हॉपकिन्स, नेपथ्य रॉबर्ट एडमंड जोन्स यांचं. एडविन बूथ या थोर अमेरिकन नटाने एकोणिसाव्या शतकात सलग शंभर हॅम्लेट केले होते आणि तो आकडा पवित्र मानला जायचा. जॉनने एकशे एक केले. एक जास्त, मुद्दाम. जुन्या मंडळींना ते रुचलं नाही, आणि त्याला बहुधा तेच हवं होतं. १९२५मध्ये त्याने हेच नाटक लंडनला नेलं. अमेरिकन माणसाने इंग्रजांना हॅम्लेट दाखवायचा म्हणजे आगाऊपणाच, पण प्रेक्षकांत बसलेला तरुण लॉरेन्स ऑलिव्हिए, पुढचा नामवंत इंग्रज नट, तो प्रयोग जन्मभर विसरला नाही. यातलं आज काय उरलंय? 'द शो ऑफ शोज' (१९२९) या चित्रपटात त्याने रिचर्डचं एक स्वगत केलंय, आणि १९३३मध्ये हॅम्लेटवरच्या एका न झालेल्या चित्रपटासाठी दिलेली छोटी चाचणी. आणि काही ध्वनिमुद्रणं.

लायनेलचं उलटं. जॉनला रिचर्ड आणि हॅम्लेटने जिथे नेलं, तिथेच लायनेल आपटला. १९२१मध्ये हॉपकिन्स आणि जोन्स याच जोडीबरोबर त्याने 'मॅकबेथ' केलं. प्रतीकात्मक नेपथ्य, टांगलेले प्रचंड मुखवटे. समीक्षकांनी धुतलं. १९२५नंतर तो ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, दिसलाच नाही. पण कॅमेऱ्यासमोर हाच माणूस खुलला. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या मूकपटांपासून त्याला त्या माध्यमाची सवय होती. 'मादाम एक्स' (१९२९) दिग्दर्शित करून त्याला दिग्दर्शनासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं आणि 'अ फ्री सोल'साठी (१९३१) अभिनयाचं ऑस्कर. त्या चित्रपटात तो दारूने वाया गेलेला वकील आहे. शेवटी भर कोर्टात, मुलीच्या वागण्याचा दोष स्वतःवर घेत तो बोलत जातो आणि बोलता बोलता कोसळतो. आज पाहिलं तर बोलणं थोडं नाटकी वाटतं, पण डोळे आणि थरथरणारे हात वाटत नाहीत.

इथला योगायोग जरा क्रूर आहे. पडद्यावर दारुडा साकारून ऑस्कर मिळालं ते लायनेलला. खरा दारूत बुडत चालला होता जॉन, आणि त्याला आयुष्यात साधं नामांकनही मिळालं नाही. शेवटच्या वर्षांत त्याला संवाद आठवेनात. कॅमेऱ्याच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलेले फलक धरून माणसं उभी राहायची. वडील मॉरिस वेडाच्या इस्पितळात गेले होते आणि त्यांना तिथे पोचवायला गेला होता तरुण जॉनच. तसाच आपला शेवट होणार ही भीती त्याला कायम होती. हे कळल्यावर त्याच्या दारूच्या किश्शांवर हसायला मला तरी जमत नाही.

दोघांना शेजारी ठेवून पाहायचं असेल तर 'ग्रँड होटेल' (१९३२). जॉन कफल्लक सरदार आहे, दागिने चोरायला आलेला. लायनेल मरायला टेकलेला कारकून क्रिंगेलाइन, आयुष्यभराची बचत घेऊन चार दिवस थाटात जगायला आलेला. जॉन एका जागी थांबतो, मान वळवतो आणि सगळी खोली त्याची होते. लायनेल सतत काहीतरी करतो, घसा खाकरतो, टोपी चाचपतो, पुटपुटतो. कोणी म्हणेल की तो जरा जास्तच करतो, आणि ते खोटं नाही. पण दोघांच्या प्रसंगांत जॉन त्याला जागा देतो, आणि थोरल्या भावाकडे पाहताना त्याच्या नजरेत जी माया दिसते ती पटकथेतली असेल असं वाटत नाही.

'रास्पुतीन अँड द एम्प्रेस' (१९३२) मात्र कौतुकासाठी नको, कुतूहलासाठी पाहा. तिघं भावंडं एकत्र आलेला हा एकमेव बोलपट. लायनेल हा रशियाच्या राजदरबारावर पगडा असलेला साधू रास्पुतीन आहे आणि जॉन त्याला मारणारा राजपुत्र. चित्रपटातली रास्पुतीनच्या तावडीत सापडणारी राजकन्या म्हणजे आपणच, असं म्हणत रास्पुतीनच्या खऱ्या मारेकऱ्याची पत्नी, रशियाच्या राजघराण्यातल्या राजकन्या इरीना युसुपोव्ह यांनी लंडनला बदनामीचा खटला लावला आणि १९३४मध्ये एमजीएमला पंचवीस हजार पौंडांचा दणका बसला. चित्रपटांमध्ये 'यातील सर्व पात्रं काल्पनिक आहेत' अशी पाटी येते ना, ती रुळली या खटल्यामुळे.

एकट्या जॉनसाठी 'ट्वेंटिएथ सेंच्युरी' (१९३४) घ्या. आगगाडीत आपल्या नटीच्या मागे लागलेला आक्रस्ताळा नाट्यनिर्माता, समोर कॅरोल लोम्बार्ड. स्वतःच्याच नाटकीपणाची अशी टर उडवायला हिंमत लागते. लायनेलसाठी 'की लार्गो' (१९४८), त्यातही तो खुर्चीतच आहे, पण या वेळी नायकाच्या, म्हणजे हम्फ्री बोगार्टच्या बाजूने.