आरसी विमानं ड्रोनच्या नियमांत कशी आली?

११ डिसेंबर २०२१ रोजी ग्वाल्हेरच्या माधव इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे एमआयटीएसमध्ये, ड्रोन मेळा भरला. नागरी उड्डाण खातं तेव्हा ग्वाल्हेरच्याच ज्योतिरादित्य शिंदे यांच्याकडे होतं, त्यामुळे शहरात त्याची चर्चा झाली, आणि पुढे ड्रोन स्कूलही इथे आलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आलेल्या ड्रोन नियमांनी शेतकरी, मोजणीवाले आणि नवे उद्योजक यांची वाट बरीच मोकळी केली. ती करायलाच हवी होती. पण घरच्या टेबलावर बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवणारा, थर्माकोलचे पंख कापणारा आणि रविवारी गावाबाहेरच्या माळावर स्वतःचं विमान उडवणारा छंदिष्टही याच नियमांत आला. त्याच्या विमानाला आता ड्रोनसारखाच नोंदणी क्रमांक लागतो. हे एका दिवसात घडलेलं नाही.

रेडिओवर चालणारी छोटी विमानं, म्हणजे रेडिओ-कंट्रोल किंवा आरसी विमानं, ड्रोनपेक्षा फार जुनी आहेत. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचं रेडिओ-नियंत्रित विमान उडवलं होतं. आपल्याकडे बऱ्याच जणांना ही गोडी एनसीसीच्या एअर विंगमधून लागली. तिथे एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि हातातल्या तारांवर गोल फिरणाऱ्या कंट्रोल-लाइन विमानापासून सुरुवात करून पुढे रेडिओकडे वळलेले कितीतरी जण सापडतील.

त्या काळीही ओळखीची पद्धत होतीच, फक्त ती जमिनीवर होती. जुन्या रेडिओत क्रिस्टल असे आणि प्रत्येक क्रिस्टलची एक ठरावीक फ्रीक्वेन्सी. दोघांनी एकाच फ्रीक्वेन्सीवर रेडिओ सुरू केला तर एकाचं विमान हमखास पडणार. म्हणून क्लबच्या मैदानावर एक फळी असे आणि तिच्यावर प्रत्येक फ्रीक्वेन्सीची, म्हणजे चॅनेलची, एक चिमटी लावलेली असे. आपल्या चॅनेलची चिमटी हातात आल्याशिवाय ट्रान्समीटरला हात लावायचा नाही, हा नियम. त्यामुळे हवेत कोणाचं विमान आहे हे मैदानावरच्या सगळ्यांना ठाऊक असायचं. पुढे २.४ गिगाहर्ट्‌झचे रेडिओ आले. भारतात हा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुला झाला. हे रेडिओ आपापल्या रिसीव्हरशी जोडलेले असतात, त्यामुळे फळीची गरज संपली आणि ती निघून गेली.

मग आला चार पंख्यांचा ड्रोन, म्हणजे क्वाडकॉप्टर. फरक नेमका इथे आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. आरसी विमानात रिसीव्हर, पंख-शेपटीचे भाग हलवणारे दोन-चार सर्व्हो, मोटर आणि बॅटरी एवढंच असतं. ते सतत डोळ्यांनी बघत, बोटांनी सांभाळत उडवावं लागतं. नजर चुकली तर ते दिशा सोडतं आणि जमिनीवर येऊ शकतं. दिसेनासं झालेलं विमान म्हणजे गेलेलं विमान. ड्रोनमध्ये मात्र फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे उड्डाण सांभाळणारा छोटा संगणक, आणि जीपीएस असतं. हात सोडले तरी ते जागेवर थांबतं, दोन किलोमीटरवर जाऊन कॅमेऱ्यातून दाखवतं आणि आपोआप परत येतं. उडवणारा कुठे बसलाय हे कोणालाच कळत नाही. खरी भीती या दुसऱ्या यंत्राची होती. नियम लिहिताना मात्र दोन्ही ‘मानवरहित विमान’ या एकाच खणात पडली.

अमेरिकेत छंदिष्टांसाठी १९८१ पासून एक साधं मार्गदर्शक पत्रक होतं: ४०० फुटांखाली उडवा, विमानतळापासून दूर राहा. सक्ती नव्हती. २०१२ च्या कायद्यात तर मॉडेल विमानांसाठी वेगळं कलमच होतं, की क्लबच्या नियमांनी उडणाऱ्यांवर नवे सरकारी नियम लादू नयेत. ड्रोनची विक्री वाढली तसं हे कवच गळत गेलं. डिसेंबर २०१५ मध्ये २५० ग्रॅमवरच्या सगळ्यांना नोंदणी सक्तीची झाली. एका छंदिष्टाने न्यायालयात दाद मागितली आणि मे २०१७ मध्ये मॉडेल विमानांपुरती ही सक्ती रद्द करून घेतली. त्याच डिसेंबरात अमेरिकी संसदेने ती पुन्हा लागू केली, आणि २०१८ मध्ये ते जुनं कलमही काढून टाकलं.

डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या खबरींनी नाताळाच्या गर्दीत सुमारे हजार उड्डाणं विस्कळीत झाली आणि जवळपास १,४०,००० प्रवासी अडकले. उडवणारा कधीच सापडला नाही. हवेतलं यंत्र स्वतःची ओळख सांगत नसेल तर पोलीस हतबल असतात, हे तेव्हा जगभरच्या यंत्रणांना पटलं.

अमेरिकेत त्यासाठीचा ‘रिमोट आयडी’चा मसुदा २०१९ च्या अखेरीस तयार झाला. यंत्राने उडताना आपला क्रमांक, जागा, उंची, वेग आणि उडवणाऱ्याची जागा सतत प्रसारित करायची, अशी ही कल्पना. त्यावर ५३,००० हून अधिक हरकती आल्या, आणि त्यांत छंदिष्टांचा आवाज मोठा होता. त्याचा परिणामही झाला. इंटरनेटवरून सतत माहिती पाठवण्याची अट गेली. जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम नियमात तीन मार्ग राहिले: कारखान्यातच रिमोट आयडी बसवलेलं यंत्र, वेगळं घेऊन लावायचं छोटं मॉड्यूल, किंवा सरकारने मान्य केलेलं मैदान. या मैदानाच्या हद्दीत, नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या विमानाला प्रसारण लागत नाही. बाकीच्यांवर प्रत्यक्ष कारवाई मार्च २०२४ पासून सुरू झाली. युरोपने क्लबांवर अधिक भरवसा ठेवला. तिथल्या २०१९ च्या नियमावलीतल्या १६ व्या कलमानुसार मॉडेल क्लबला सरकारकडून एकत्रित परवानगी मिळते आणि सदस्य क्लबच्या शिस्तीत उडवतात.

मला यातली मैदानाची सोय फार मोलाची वाटते. सोळाशे रुपयांच्या थर्माकोलच्या विमानावर त्याहून महाग यंत्र लादण्यापेक्षा, इथे कोण उडवतं हे ठाऊक असलेली एक जागा सरकारदरबारी नोंदवणं सगळ्यांच्या सोयीचं आहे.

आपल्याकडे सुरुवात बंदीने झाली. ७ ऑक्टोबर २०१४ च्या सूचनेने नागरी उड्डाण महासंचालनालयाने (डीजीसीए) नागरी ड्रोन उड्डाणं थांबवली. चार वर्षांनी, १ डिसेंबर २०१८ पासून नियम लागू झाले आणि त्यांत ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ ही अट होती: सरकारच्या डिजिटल स्काय या पोर्टलवरून मंजुरी आल्याशिवाय यंत्राची मोटरच फिरू नये. ज्या विमानात संगणकच नाही ते मंजुरी तपासणार कसं, याचं उत्तर त्यात नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये ज्याच्याकडे जे ड्रोन आहे ते जाहीर करण्याची संधी मिळाली. मार्च २०२१ मध्ये आणखी कडक नियम आले, ते पाच-सहा महिनेच टिकले. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली गेली. तरीही दोन महिन्यांत आलेले नवे ड्रोन नियम आधीपेक्षा सैल होते, याचं श्रेय सरकारला द्यायलाच हवं.

या नियमांत छंदिष्टाच्या विमानाला व्याख्या मिळाली: शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडणारं, २५ किलोपर्यंतचं ‘मॉडेल’ विमान. त्याला प्रकार-प्रमाणपत्र, म्हणजे त्या नमुन्याच्या यंत्राला सरकारी मान्यता, लागत नाही. दोन किलोपर्यंतचं बिगर-व्यावसायिक विमान उडवायला पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. पण नोंदणी क्रमांकाची अट राहिली. फी जेमतेम १०० रुपये आहे, अडचण पैशांची नाही. हा क्रमांक उत्पादकाचा अनुक्रमांक, फ्लाइट कंट्रोलर आणि नियंत्रण यंत्र यांच्याशी बांधलेला असतो. घरी कापलेल्या विमानाला उत्पादक कोण? ग्लायडरमध्ये फ्लाइट कंट्रोलर कुठून आणायचा? शिवाय एकाच ट्रान्समीटरवर पाच विमानं उडतात आणि एकाची मोटर काढून दुसऱ्याला लावली जाते. एवढं करूनही क्रमांक कागदावरच राहतो, तो हवेत प्रसारित होत नाही. त्यासाठीचा ट्रॅकिंग बीकन, म्हणजे हवेतून ओळख आणि जागा कळवणारं यंत्र, आणि ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ ही अट बाराव्या नियमात पुढच्या अधिसूचनेवर सोपवलेली आहेत. अधिसूचना निघाल्यावर किमान सहा महिन्यांची मुदत मिळेल.

ग्वाल्हेरमध्ये याला आणखी एक पदर आहे. महाराजपुऱ्याचा हवाई दलाचा तळ १९४२ चा, मिराज लढाऊ विमानं इथे १९८५ पासून, आणि प्रवासी विमानतळही तिथेच. ड्रोनसाठीच्या सरकारी हवाई नकाशानुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. मुरार, थाटीपूरसारख्या वस्त्यांतल्या पोरांना घराजवळचं मैदान त्यामुळे मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. उतरणाऱ्या मिराजच्या वैमानिकाला मीटरभर पंखाचं विमान दिसणं शक्य नाही. म्हणूनच १२ किलोमीटरच्या पलीकडे एखादं मान्य मैदान असण्याची गरज इथे इतर शहरांपेक्षा जास्त आहे. तशी तरतूद २०२१ च्या नियमांत नाही. हरित क्षेत्रातल्या, म्हणजे उड्डाणाला परवानगी लागत नाही अशा भागातल्या, स्वतःच्या ताब्यातल्या जागेत संशोधन संस्था आणि महाविद्यालयांना नोंदणीतून सूट आहे. रविवारी जमणाऱ्या छंदिष्टांच्या गटाला ती मिळत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. त्यात शिक्षांमध्ये तुरुंगवास आला आणि झडती-जप्तीचे अधिकारही. मैदानाची सोय मागायची तर ती या टप्प्यावरच, बीकनची अधिसूचना निघण्याआधी, मागायला हवी. ग्वाल्हेरमधल्या गटाने एमआयटीएससारख्या संस्थेला सोबत घेऊन, जागेचा नकाशा आणि सदस्यांची यादी जोडून ती लेखी मागितली, तर मंत्रालयासमोर एक ठोस उदाहरण राहील.