व्हॉल्व्ह गिटार ॲम्प्लिफायरची दुरुस्ती व चाचणी

व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर, चालणारा गिटार ॲम्प्लिफायर उघडून दोष शोधणे, निकामी भाग बदलणे आणि गिऱ्हाईकाच्या हाती देण्याआधी टेबलावर त्याची मोजमापे घेणे, असे या कामाचे स्वरूप असते. ट्रान्झिस्टर आल्यावर रेडिओ-टीव्हीतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. गिटारवादकांनी मात्र ते सोडले नाहीत, कारण चढवत नेल्यावर व्हॉल्व्हचा आवाज ज्या तऱ्हेने फाटतो, तो फाटलेपणाच त्यांना हवा असतो. म्हणून १९६० च्या दशकातली यंत्रे आजही दुरुस्तीला येतात. या नोंदीत १९६३ साली आलेला फेंडर डिलक्स रिव्हर्ब उदाहरणादाखल घेतला आहे : नऊ व्हॉल्व्ह, १२ इंची एक स्पीकर आणि सुमारे २२ वॅट शक्ती.

आत ४०० व्होल्टच्या वर डीसी दाब असतो. प्लग काढला तरी हा दाब सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर तो बराच वेळ धरून ठेवू शकतात. त्यामुळे आधी रेझिस्टर लावून ते रिकामे करायचे, मीटरने खात्री करायची, मगच हात घालायचा. जुन्या अमेरिकी यंत्रांना दोन पिनांची वायर असे आणि मेनपासून चॅसीपर्यंत (धातूच्या सांगाड्यापर्यंत) एक कपॅसिटर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला की गिटारच्या तारांत करंट उतरतो. कारागीर त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात ते उगाच नाही. तो काढून अर्थिंगसह तीन पिनांची वायर बसवणे हे पहिले काम. भारतात असे १२० व्होल्टचे यंत्र स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवतात. बाजारातले बरेचसे ट्रान्सफॉर्मर ऑटो प्रकारचे असतात, म्हणजे मेनपासून वेगळेपण देत नाहीत. मग अर्थिंगचे महत्त्व आणखी वाढते. शिवाय ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर थोडा जास्त तापतो.

बरेच दिवस बंद पडलेले यंत्र थेट मेनवर लावत नाहीत. इलेक्ट्रिशियनकडचा सिरीज बोर्ड, म्हणजे यंत्राच्या वाटेत बल्ब जोडून करंट रोखणारा बोर्ड, इथे नेमका कामी येतो. त्यात ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब लागतो, एलईडीचा उपयोग नाही. सगळे व्हॉल्व्ह काढून स्विच दिल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ट्रान्सफॉर्मर बहुधा ठीक आहे. लखलखत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग आधी रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह), नंतर उरलेले व्हॉल्व्ह असे टप्प्याटप्प्याने बसवत जातात.

आवाज बिघडला की व्हॉल्व्हचा नवा जोड घ्यायचा, ही वादकांची आवडती आणि महागडी समजूत. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा दुसरीकडेच असतो. १०० हर्ट्झची सततची गुणगुण फिल्टर कपॅसिटर सुकल्याचे सांगते. तेल तळल्यासारखी चरचर व्हॉल्व्हच्या प्लेटला (करंट जिथे पोचतो त्या पत्र्याला) जोडलेल्या जुन्या कार्बन रेझिस्टरमधून येते. लाकडी काडीने एकेका व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टणत्कार आला, तर मात्र तो व्हॉल्व्ह खरोखर बदलायचा.

सर्वांत फसवा भाग बायसचा, म्हणजे व्हॉल्व्हचा करंट आवरणाऱ्या उणे दाबाचा. डिलक्स रिव्हर्बमध्ये ६व्ही६जीटी या दोन आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) सुमारे उणे ३५ व्होल्ट मिळतात. बायसचा छोटा कपॅसिटर सुकला किंवा आधीच्या टप्प्यातून फक्त आवाजाची लहर पुढे देणाऱ्या कपलिंग कपॅसिटरमधून डीसी गळू लागला, की हा उणे दाब घटतो, करंट वाढतो आणि व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद होते. अशा वेळी नवा जोड घातला तर तोही जळतो. दुरुस्तीनंतर कॅथोडला (करंट जिथून निघतो त्या टोकाला) १ ओहमचा रेझिस्टर लावून करंट मोजतात : जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. प्लेटच्या १२ वॅटच्या मर्यादेचे ७० टक्के म्हणजे ८.४ वॅट; त्याला प्लेटवरच्या ४१५ व्होल्टने भागले की सुमारे २० मिलिअँपिअर येतात. हे मोजमाप सिरीज बल्ब काढूनच घ्यायचे, नाहीतर दाब कमी असल्याने आकडा खोटा येतो. जुन्या तक्त्यांत या व्हॉल्व्हची प्लेट-मर्यादा ३१५ व्होल्टच दिली आहे. फेंडरने ती सरळ ओलांडली. तेव्हाचे व्हॉल्व्ह दणकट म्हणून निभले; आजचा कमअस्सल जोड तितका टिकेलच असे नाही.

शक्ती मोजताना स्पीकरऐवजी ८ ओहमचा, किमान ५० वॅटचा रेझिस्टर जोडतात. लोड न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प जोरात चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळून इन्सुलेशन फुटू शकते. १ किलोहर्ट्झची साइन लहर देऊन ऑसिलोस्कोपवर (लहरीचा आकार दाखवणाऱ्या पडद्यावर) तिची टोके कापली जाण्याच्या बेतात आणायची. त्या वेळी १३.३ व्होल्ट आरएमएस दिसले तर २२ वॅट मिळाले. लहर शून्यरेषा ओलांडताना खाच पडत असेल, तर बायस फार थंड, म्हणजे करंट फार कमी, ठेवला आहे.

स्पीकरची तपासणी वेगळी. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ ओहम दाखवतो, ते योग्यच. स्पीकरचा कागदी कोन दोन्ही हातांनी सारखा दाबून सोडताना घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झाली आहे. दीड व्होल्टचा सेल धन टोकाला धन असा क्षणभर टेकवला की कोन पुढे येतो. जुन्या जेबीएल स्पीकरांत तो मागे जातो, म्हणून दोन स्पीकर एकत्र जोडताना हे पाहावेच लागते. शेवटी गिटारच्या जाड तारेच्या ८२ हर्ट्झपासून लहर हळूहळू वर नेत खोक्यातली खडखड शोधतात. ती पुष्कळदा स्पीकरची नसून सैल स्क्रूची किंवा रिव्हर्बच्या (घुमारा देणाऱ्या) स्प्रिंगपेटीची निघते.