नऊशे पावसाळे पाहिलेले लाकूड

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर सोग्नफ्योर्ड ही समुद्राची चिंचोळी खाडी डोंगररांगांमधून खूप आतवर शिरते. तिच्या लुस्त्राफ्योर्ड या फाट्याच्या काठी, उंचवट्यावर उर्नेस नावाची लहानशी वस्ती आहे. तिथले लाकडी चर्च 1130 च्या सुमारास बांधले गेले आणि आजही मूळ जागीच उभे आहे. अशा चर्चांना तिकडे ‘स्टाव्ह’ चर्च म्हणतात. स्टाव्ह म्हणजे इमारतीचा भार पेलणारा उभा खांब. पाऊस, धुके आणि बर्फ यांची कमतरता नसलेल्या या मुलखात लाकडाची इमारत इतकी शतके टिकली कशी, याचे उत्तर बव्हंशी तिच्या तळाशी आहे.

1950 च्या दशकात चर्चच्या जमिनीखाली उत्खनन झाले, तेव्हा त्याच जागेवरच्या आणखी जुन्या चर्चच्या खांबांचे खड्डे सापडले. त्या चर्चचे खांब सरळ मातीत पुरलेले होते. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला ओलावा व प्राणवायू दोन्ही लागतात. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 20 टक्क्यांहून कमी राहिले, तर बुरशीची वाढ होत नाही. उलट खोल, पाण्याने तुडुंब भरलेल्या मातीत प्राणवायूच पोहोचत नसल्याने लाकूड कित्येकदा टिकून राहते. घात होतो तो मातीच्या पृष्ठभागालगत, कारण तिथे ओल आणि हवा एकत्र येतात. पुरलेला खांब वरून ठणठणीत दिसत असतानाच जमिनीच्या रेषेवर पोखरला जातो आणि त्याच्यापाठोपाठ सगळी इमारत खचू लागते.

नंतरच्या सुतारांनी खांब मातीतून बाहेर काढला. दगडी पायावर जाड आडव्या तुळयांची चौकट बसवायची आणि खांब त्या चौकटीवर उभे करायचे, अशी ही रीत. खांबाखाली दगडी तळखडा घालण्यामागचा जो हेतू, तोच इथे साऱ्या इमारतीला लागू केलेला दिसतो. मात्र खांब मातीतून सुटला की त्याला मातीचा आधारही राहत नाही, आणि वाऱ्याच्या जोराने सांगाडा कलंडण्याची भीती निर्माण होते. त्यावर तोडगा म्हणून खांबांना वरच्या बाजूला तुळयांनी आणि कोपऱ्यांत बसवलेल्या बाकदार लाकडी तुकड्यांनी एकमेकांशी जखडले गेले. या प्रकारच्या चर्चांत असे बाकदार तुकडे बहुधा झाडाचे खोड जिथे मुळाकडे वळते तिथून काढत. तिथे तंतू मुळातच वळणाने वाढलेले असतात, त्यामुळे सरळ फळीतून कापलेल्या कमानीसारखे ते तंतूंच्या रेषेत तडकत नाहीत. भिंतींच्या उभ्या फळ्या खालच्या तुळईच्या खाचेत बसवलेल्या असून त्यांच्या कडाही एकमेकींत गुंतवलेल्या आहेत. लाकूड दमट हवेत आडवे फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. खाचेतली फळी हे सारे निमूटपणे करू शकते, खिळ्यांनी ठोकलेली फळी मात्र चिरफळते.

लाकूड पाइनचे आहे, आणि तेही सावकाश वाढलेल्या झाडांचे. थंड प्रदेशातील पाइनची वार्षिक वलये अगदी दाट असतात. खोडाच्या मधल्या भागात, म्हणजे मध्यकाष्ठात, राळ असते आणि बुरशीला मारक ठरणारी पिनोसिल्व्हिनसारखी रसायनेही असतात. हीच वलये आता घड्याळाचे काम करतात. उन्हाळा अनुकूल असेल तर वलय रुंद, नसेल तर अरुंद. अशा रुंद-अरुंद वलयांचा क्रम एका प्रदेशातील एकाच जातीच्या झाडांत साधारण सारखाच उमटत असल्याने, तुळईवरचा क्रम प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळवून झाड कधी तोडले हे ठरवता येते. नॉर्वेतीलच बोरगुंड येथील स्टाव्ह चर्चचे लाकूड 1180-81 च्या हिवाळ्यात तोडलेले आहे, हे याच पद्धतीने कळले.

उर्नेसच्या आत शिरल्यावर वास्तुरचनेचा एक गमतीदार विरोधाभास दिसतो. गोल खांब, त्यांवर घनाकार शीर्षे आणि अर्धवर्तुळाकार कमानी हे सारे त्या काळच्या युरोपातील दगडी चर्चांचे घटक आहेत. दगडात कमानीला जे काम असते ते लाकडात तितकेसे नसूनही सुतारांनी तिचा आकार हौसेने राखला. खांबांच्या शीर्षांवर प्राणी आणि माणसे कोरलेली आहेत. तरीही माझ्या मते या इमारतीतले सर्वांत देखणे काम उत्तरेच्या भिंतीत आहे, आणि ते या चर्चसाठी केलेलेच नाही. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आधीच्या चर्चचे नक्षीदार द्वार आणि काही फळ्या सुतारांनी इथे पुन्हा वापरल्या. द्वाराच्या बाजूला सडपातळ चतुष्पाद प्राणी सापाला चावतो आहे, सापही त्याला चावतो आहे, आणि त्यांच्याभोवती जाड-बारीक वेटोळ्यांचा सैलसर गुंता आहे. व्हायकिंग कलेच्या या शेवटच्या शैलीला ‘उर्नेस शैली’ असेच नाव मिळाले आहे.

बाहेरून लाकडाला पाइनच्या डांबराचा लेप देतात. राळेने भरलेले बुंधे आणि मुळे कमी हवेत सावकाश तापवून हे डांबर गाळतात. दक्षिणेकडील भिंतीवर ऊन थेट पडते, लेप मऊ होऊन ओघळतो आणि लवकर झिजतो; म्हणून स्टाव्ह चर्चच्या उत्तरेकडील भिंती काळ्याभोर, तर दक्षिणेकडील तपकिरी दिसतात. लेप पुन्हापुन्हा द्यावा लागतो, यात सुटका नाही.

मध्ययुगात नॉर्वेत अशी चर्चे हजाराच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असावीत. आज 28 उरली आहेत. पुष्कळांचा शेवट कुजून झाला नाही. गावातील किमान तीन-दशांश लोक मावतील एवढे चर्च हवे, असा कायदा 1851 मध्ये झाला आणि लहान जुनी चर्चे पाडण्याला वेग आला. त्याआधीच व्हांग येथील चर्च लिलावात निघाले होते; चित्रकार योहान क्रिस्टियन डाल यांच्या खटपटीमुळे ते प्रशियाच्या राजाकडे गेले आणि आज ते पोलंडमधील कार्पाच येथे उभे आहे. उर्नेसचे चर्च 1881 मध्ये प्राचीन वास्तू जपणाऱ्या नॉर्वेजियन संस्थेच्या ताब्यात आले, आणि 1979 मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.