गोठताना सुटणारी उष्णता

पावसाळ्यात गढूळ झालेली गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागली की नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. धरणं नव्हती तेव्हापासून असाच गाळ वाहत थेट बंगालच्या उपसागरात साचत आला. त्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००६ साली समुद्रतळाखाली सुमारे १३० मीटर जाडीचा गॅस हायड्रेटचा थर सापडला. म्हणून हा विषय मला घरचा वाटतो.

हायड्रेट म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात अडकलेला वायू. दिसायला बर्फच, पण आत मिथेन असेल तर काडी लावताच पेटणारा. हम्फ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास क्लोरीनचं हायड्रेट ओळखलं, १८८८ मध्ये व्हिलार्डने मिथेनचं तयार केलं. पुढे बरीच वर्षं ही प्रयोगशाळेतली गंमत राहिली. १९३४ मध्ये हॅमरश्मिटने दाखवून दिलं की अमेरिकेतल्या गॅसच्या पाइपलाइन साध्या बर्फाने नव्हे, हायड्रेटने तुंबतात. तेव्हा कुठे उद्योगाचं लक्ष गेलं, तेही ते टाळायचं कसं यासाठी.

त्यातल्या उष्णतेकडे मात्र अडचण म्हणूनच पाहिलं गेलं. एक किलो मिथेन हायड्रेट तयार होताना साधारण ४३० किलोज्यूल उष्णता सुटते. पाणी गोठताना सुटते ३३४. किलोभर पाणी शून्य अंशापासून उकळीला आणायला जवळजवळ हायड्रेटइतकीच लागते! पण ती मिळते थंड तापमानाला, त्यामुळे तिच्यावर चहा होणार नाही. शिवाय ती काढून घेतली नाही तर मिश्रण तापतं आणि हायड्रेट बनणंच थांबतं.

उपयोगाची वाट इथूनच निघते. कार्बन डायऑक्साइडचं हायड्रेट बनताना वायूच्या तेवढ्याच रेणूंमागे मिथेनपेक्षा थोडी जास्त उष्णता सुटते. म्हणजे तो वायू जमिनीखालच्या मिथेन हायड्रेटमध्ये सोडला तर त्याच उष्णतेने मिथेन मोकळा व्हायला मदत होते. २०१२ मध्ये अलास्कात नायट्रोजन मिसळून अशी अदलाबदल प्रत्यक्ष विहिरीत करून पाहिली गेली.

मला जास्त जवळचा वाटतो तो थंडावा साठवण्याचा मार्ग. टेट्राब्यूटिल अमोनियम ब्रोमाइड हा वायू नसून क्षार आहे; तो पाण्यात विरघळवून गार केला की साध्या दाबालाही ५ ते १२ अंशांवर हायड्रेटचा रबडीसारखा लगदा होतो. रात्री तो बनवून सुटलेली उष्णता बाहेर टाकायची. दिवसा तो वितळताना तेवढीच उष्णता शोषतो. जपानमध्ये इमारतींच्या वातानुकूलनासाठी हे वापरलं गेलं आहे. आपल्या द्राक्षांच्या प्री-कूलिंगला ते पुरणार नाही, तिथे शून्याच्या आसपास जावं लागतं. पण पिंपळगाव बसवंतला क्रेटमधून येणाऱ्या टोमॅटोला १०-१२ अंशच मानवतात. फार गार केला तर तो नीट पिकत नाही, चवही जाते.