गेटवर नोटीस लागण्याआधी

कामाच्या पद्धतीत बदल करायचा तर कामगारांना आधी सांगा, विश्वासात घ्या, हे आज मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवतात. मुंबईत हा धडा वर्गात सुरू झाला नाही. तो लालबाग-परळच्या गिरण्यांत सुरू झाला, आणि त्यासाठी १९२८ साली सुमारे दीड लाख कामगारांनी सहा महिने पगाराविना काढले.

गिरणीत मागाला साचा म्हणत. एक साचेवाला दोन साचे सांभाळायचा. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की साचा थांबवायचा, टोक शोधून गाठ मारायची, आणि तेवढ्यात दुसऱ्या साच्यात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यावरही नजर ठेवायची. खर्च कमी करण्यासाठी ससून गटाच्या गिरण्यांनी माणशी तीन साचे देण्याची योजना आणली. माणशी कमाई वाढेल, असं मालक सांगत होते. पण तीनशे साच्यांना जिथे दीडशे माणसं लागत, तिथे आता शंभर पुरणार, हा हिशेब साचेवाल्याला कुणी समजावून द्यायला नको होता. उरलेले पन्नास कोण? जॉबर, म्हणजे कामावर माणसं घेणारा मुकादम, आपल्याच गावची माणसं भरायचा. म्हणजे उद्या घरी बसणारा माणूस बहुधा आपल्याच गावचा, आपल्याच खोलीत पथारी टाकणारा. या पन्नास जणांचं काय, याचं उत्तर मालकांच्या योजनेत नव्हतं. माझ्या मते संप पेटला तो इथे.

जानेवारीत ससून गिरण्यांत पडलेली ठिणगी एप्रिलमध्ये शहरभर पसरली. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. ऑक्टोबरमध्ये न्यायमूर्ती फॉसेट यांची चौकशी समिती नेमून संप मिटला.

बदलाची आगाऊ नोटीस कायद्यात आली ती १९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने. पण त्याच कायद्याने समेटाची प्रक्रिया पार पडेपर्यंत संपालाही बंदी घातली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांनी त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला; डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्यात होता. हा विरोध मला अगदी रास्त वाटतो. नुसतं कळवलं, पण नाही म्हणायची सोय ठेवली नाही, तर त्या कळवण्यावर कोण भरवसा ठेवील?

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली कलम ९-अ आलं: पगार, कामाचे तास, पाळ्या, किंवा कामगार-कपात होऊ शकेल असं यांत्रिकीकरण, यांत बदल करायचा तर एकवीस दिवसांची नोटीस. पुढच्याच वर्षी सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्यात जीव ओतला. कपात नको, कमाईत घट नको आणि फायद्यात कामगारांचा वाटा हवा, अशा अटी तिने यांत्रिकीकरणासाठी घातल्या. ते उरलेले पन्नास जण आता कागदावर आले.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका पायजमा कारखान्यावरचा अभ्यास १९४८ मध्ये छापून आला. तिथे एका गटाला बदल नुसता सांगितला. त्यातले १७ टक्के लोक चाळीस दिवसांत काम सोडून गेले. नवी पद्धत ठरवण्यात ज्यांना सामील केलं, त्यांचं काम लवकरच पूर्वपदाला आलं आणि पुढेही गेलं. आपल्याकडे हे बँकांत दिसलं. संगणकाला कडाडून विरोध करणाऱ्या युनियन १९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशन या बँक व्यवस्थापनांच्या संघटनेबरोबर करार करायला बसल्या. यंत्रं कुठे आणि किती बसवायची, हेही बोलून ठरलं.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती एकवीस दिवसांची नोटीस कायम आहे. मात्र स्थायी आदेशांची सक्ती, म्हणजे नोकरीचे नियम लेखी करून कामगारांना समजेल अशा भाषेत कळवण्याची सक्ती, आता तीनशे कामगारांपासून पुढे लागते. केंद्राच्या जुन्या कायद्यात ती शंभरापासून होती.