मिग वेल्डिंग : धातूच्या जाडीनुसार सेटिंग

मिग वेल्डिंगमध्ये रिळावरून सुटणारी बारीक वायर टॉर्चच्या तांब्याच्या टिपमधून सतत बाहेर येते, कामाला टेकते, आर्क म्हणजे विजेची सलग ठिणगी पेटते आणि तीच वायर वितळून जोडात भरली जाते. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून नोझलमधून वायू सोडतात. किती जाडीला किती व्होल्ट, वायरचा किती वेग, कोणत्या व्यासाची वायर आणि कोणता वायू हे ठरवणे म्हणजे सेटिंग. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंतच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत या यंत्राला बहुतेक जण ‘सीओटू’ म्हणतात, कारण सोबतचा सिलिंडर बहुधा कार्बन डायऑक्साइडचा असतो. काटेकोर बोलायचे तर असा वायू वापरला की ती प्रक्रिया ‘मॅग’ ठरते. मिग म्हणजे आरगॉनसारखा निष्क्रिय वायू. हा भेद कामावर कुणी पाळत नाही, म्हणून या नोंदीतही पाळलेला नाही.

यंत्रावर महत्त्वाचे नॉब दोनच. साध्या रॉडच्या यंत्रावर माणूस अँपिअर लावतो. साध्या मिग यंत्रावर अँपिअरचा वेगळा नॉब नसतो. यंत्र व्होल्टेज स्थिर धरते आणि वायर जितक्या वेगाने येईल तिला वितळवायला लागेल तेवढा करंट आपोआप देते. म्हणजे वायरचा वेग हाच करंट, आणि पेनिट्रेशन, म्हणजे वेल्ड धातूत किती खोल शिरतो ते, मुख्यतः त्यावर. व्होल्टेज आर्कची लांबी ठरवते, म्हणजे रन (वेल्डची एक सलग रेघ) उभा आणि अरुंद बसणार की पसरट. नवशिक्याची गफलत इथेच होते. वेल्ड आत गेले नाही असे वाटले की तो व्होल्ट वाढवतो. रन रुंद आणि देखणा होतो, पण खोली जवळपास तेवढीच राहते. नव्या सिनर्जिक यंत्रांवर जाडी आणि वायर निवडली की दोन्ही आकडे जुळून येतात, तरी ते आकडे का आले हे ठाऊक असलेले बरे.

आरंभ जाडीपासून करतात. साध्या पोलादाला दर मिलिमीटरला सुमारे ४० अँपिअर हा जुना अंदाज पातळ पत्र्यापासून ४-५ मिमीपर्यंत चांगला चालतो. व्होल्टसाठी अँपिअरला ०.०५ ने गुणून त्यात १४ मिळवतात. मिग यंत्रांच्या चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय मानकात हेच सूत्र आहे, आणि गाळ्यातही ते उपयोगी पडते. ३ मिमीच्या फ्लॅटला, म्हणजे सपाट पट्टीला, १२० अँपिअर, म्हणून २० व्होल्ट. सिलिंडर आरगॉन-मिश्रणाचा असेल तर एक-दोन व्होल्ट उतरवावे लागतात. वायरचा वेग तिच्या व्यासावर अवलंबून असतो: ०.८ मिमीची वायर मिनिटाला सुमारे ५ मीटर सोडली तर १०० अँपिअरच्या आसपास करंट मिळतो, तर १.२ मिमीची वायर त्याच वेगाला सुमारे २०० अँपिअर ओढते. रीळ बदलून नॉब तिथेच ठेवला तर काय होते, हे यावरून कळावे.

आता जाडी नेमकी किती? पत्रा आणि स्क्वेअर पाइप अजून गेजमध्ये मागितले जातात: २० गेज म्हणजे ०.९ मिमी, १८ गेज १.२, १६ गेज १.६, १४ गेज २ मिमी. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून आलेला माल असो की कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधला, सांगितलेले गेज आणि हातातला पाइप यांत फरक निघू शकतो. जाड मालाच्या चौकटीत दोन-तीन दशांश मिमीने काही बिघडत नाही, पण पातळ पाइपला तेवढ्यात भोक पडते. सेटिंगआधी व्हर्नियर लावण्यात दहा सेकंद जातात.

पातळ कामाचे तंत्र वेगळे. १८ गेजला ०.८ ची वायर, ५० अँपिअरच्या आसपास करंट आणि १६ ते १७ व्होल्ट. एवढे लावूनही सलग रन मारला तर उष्णता साठते, म्हणून एका टोकाला टाका, मग दुसऱ्या टोकाला, मग मध्ये, असे फिरत जातात. मागे तांब्याची पट्टी धरली तर ती उष्णता ओढून घेते. उभ्या जोडात वरून खाली येणे पातळ पत्र्याला मानवते. पातळ कामाचा एक गुण असा की चूक लपत नाही: भोक सगळ्यांना दिसते.

जाड कामात उलटे होते, आणि या विषयातला खरा धोका तिथे आहे. ६ मिमीच्या प्लेटला ४० चा हिशेब २४० अँपिअर सांगतो. लहान यंत्रे तेवढा करंट देत नाहीत किंवा फार वेळ देऊ शकत नाहीत. ६० टक्के ड्यूटी सायकल म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काम. म्हणून १.२ ची वायर, १८० ते २२० अँपिअर, २३ ते २५ व्होल्ट लावून समोरासमोरच्या जोडाला कडा तिरक्या घासतात, २-३ मिमी फट ठेवतात आणि एकाहून जास्त रन देतात. १० किंवा १२ मिमीला करंट त्या प्रमाणात वाढत नाही, रनची संख्या वाढते. याउलट ३ मिमीसाठी लावलेले यंत्र तसेच ६ मिमीवर चालवले तर रन गुळगुळीत, सारखा, फोटो काढण्याजोगा बसतो. फक्त तो प्लेटवर नुसता बसलेला असतो, आत शिरलेला नसतो. याला ‘कोल्ड लॅप’ म्हणतात. जिन्याच्या किंवा मेझनाइनच्या चॅनलला असा रन असेल तर रंग मारल्यावर तो ओळखायचा उपाय डोळ्याला उरत नाही.

नॉब न हलवताही सेटिंग बदलते. टिपपासून कामापर्यंत बाहेर राहणारी वायर १०-१२ मिमी असावी. हात मागे जाऊन ती २० झाली की करंट उतरतो आणि वायूचे आवरणही विरळ होते. टी जोडात (एका प्लेटवर दुसरी उभी) उष्णता तीन दिशांनी पळते, म्हणून त्याच जाडीच्या सपाट जोडापेक्षा करंट थोडा जास्त लागतो. पातळ नळी जाड प्लेटला जोडायची असेल तर आर्क प्लेटकडे रोखतात आणि वितळलेला धातू नळीच्या कडेला नुसता भिडू देतात.

वायूचा प्रवाह मिनिटाला १० ते १५ लिटर ठेवतात. खाडीकडून वारे सुटले किंवा कुणी उकाड्याने पंखा टॉर्चकडे वळवला, की आवरण उडते आणि रनमध्ये बारीक छिद्रे दिसू लागतात. मग प्रवाह वाढवण्यापेक्षा पंखा वळवणे स्वस्त. सीओटू सिलिंडरच्या रेग्युलेटरला हीटर असतो, कारण द्रवाचा वायू होताना तो गारठून गोठतो. पावसाळ्यात उघडे राहिलेले रीळ गंजते, वायर फीडरमध्ये अडकत-घसरत येते, आर्क धाप लागल्यासारखा तुटतो. दोष सेटिंगचा वाटतो आणि नॉब विनाकारण फिरवले जातात. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर आधी जस्त घासून काढावे लागते: पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी, ९०७ अंश सेल्सिअसला, जस्त उकळते, त्याने छिद्रे पडतात आणि धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी-ताप भरतो. स्टेनलेसला त्याच जाडीला करंट कमी पुरतो. ॲल्युमिनियमला शुद्ध आरगॉन लागतो आणि वरचे हिशेब तिथे चालत नाहीत.

सेटिंग जुळल्याची पहिली खूण कानाला मिळते: पत्र्याच्या शेडवर मध्यम सर पडावी तसा सलग तडतडाट. वायर ठोकर मारत हात मागे ढकलत असेल तर व्होल्ट कमी किंवा वेग जास्त. फुसफुस आवाज येऊन टोकाला मोठा थेंब लोंबत असेल तर उलट. पण जाड कामात कानावर थांबू नये. भंगाराच्या पेटीतून त्याच जाडीचे दोन तुकडे घेऊन त्यांचा टी करतात, एकाच बाजूने रन मारतात, थंड झाल्यावर व्हाइसमध्ये धरून उभा तुकडा घणाने वेल्डच्या बाजूला पाडतात. मोडलेल्या जोडाच्या मुळाशी प्लेटची कापलेली कडा आणि ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा दिसल्या, तर वायरचा वेग वाढवून दुसरे तुकडे घ्यावेत.