न मोडणारी लाट

ऑगस्ट १८३४. एडिनबराजवळच्या युनियन कालव्यातून दोन घोडे एक अरुंद नाव ओढत होते. नाव एकदम थांबली, पण तिच्यापुढे साचलेलं पाणी थांबलं नाही. त्याचा गुळगुळीत, गोलसर उंचवटा झाला आणि तो एकटाच पुढे निघाला. जॉन स्कॉट रसेल या अभियंत्याने घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. सुमारे ३० फूट लांब, फूट-दीड फूट उंच, वेग ताशी ८-९ मैल. मैल-दोन मैलांनंतर कालव्याच्या वळणांत ती लाट हरवली, तोवर तिने आपला घाट सोडला नव्हता.

जॉर्ज एअरींसारख्या मातब्बर गणितज्ञांना हे पटलं नाही. उथळ पाण्यात लांब लाटा आखूड लाटांपेक्षा वेगाने पळतात, म्हणून कुठलाही उंचवटा पसरत जाऊन सपाट व्हायला हवा. दुसरीकडे, लाटेचा उंच भाग सखल भागापेक्षा जलद सरकतो, म्हणून माथा पुढे झुकून लाट फुटायला हवी. किनाऱ्यावर तेच घडतं. रसेलच्या लाटेत या दोन्ही ओढी एकमेकींना नेमक्या तोलून धरतात. कोर्टेवेग आणि द व्ह्रीस या डच गणितज्ञांनी १८९५ मध्ये हा तोल एका समीकरणात मांडला. लाटेचा वेग तिच्या स्वतःच्याच उंचीवर ठरतो, म्हणून हे समीकरण अरेषीय. अशा ठिकाणी दोन उत्तरांची बेरीज करून तिसरं मिळत नाही.

मग अशा दोन लाटा आदळल्या तर? सगळा विस्कोटच व्हावा. १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी संगणकावर पाहिलं, तर उंच लाट बुटकीला गाठून पलीकडे गेली आणि दोघींचे आकार जसेच्या तसे राहिले. जणू दोन कणच. म्हणून इलेक्ट्रॉन, प्रोटॉन अशा कणांच्या नावांच्या धर्तीवर त्यांनी नाव दिलं 'सॉलिटॉन'. मला या विषयातला सर्वांत सुंदर क्षण हाच वाटतो. पुढे १९७३ मध्ये हासेगावा आणि टॅपर्ट यांनी काचतंतूतल्या (ऑप्टिकल फायबर) प्रकाशालाही असंच न पसरता धाडता येईल असं दाखवलं, आणि १९८० मध्ये प्रयोगात ते दिसलं.

उपयोजित गणितात पीएचडीच्या प्रवेशासाठी अर्ज करणारे विद्यार्थी विचारतात, तयारी काय करू? डिफरन्शिअल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रा पक्कं हवंच. पण माझ्या मते त्याआधी एक छोटा प्रोग्राम स्वतः लिहावा आणि दोन सॉलिटॉन एकमेकांवर सोडावेत. टकरीनंतर नीट पाहिलं, की उंच लाट अपेक्षेपेक्षा किंचित पुढे आणि बुटकी किंचित मागे सरकलेली दिसते. भेटीची तेवढीच खूण.